सत्तावीस वर्षांचं वाक्य

लवकर संपणाऱ्या वाक्यावर कोणाचंही पोट भरत नाही, ही गोष्ट सुधारलेल्या समाजांना फार पूर्वीच कळून चुकली आहे. 'दार लाव' या वाक्यावर आजवर एकही संस्था उभी राहिलेली नाही. 'सूप गार झालं' या वाक्यानं कोणाला पदवी मिळवून दिल्याचं ऐकिवात नाही. याउलट ज्या वाक्याचा कर्ता पहिल्या पानावर आणि क्रियापद अकराव्या पानावर असतं (किंवा असावं असा संशय असतो), त्या वाक्याच्या सावलीत माणसं सुखानं नांदतात, लग्नं करतात, दमा होईपर्यंत नोकरी करतात, आणि निवृत्त झाली की त्यांच्या जागी त्यांचे भाचे लागतात.

वोलोग्दा शहरात नदीकाठच्या पिवळ्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर असं एक वाक्य होतं. तीनशे वर्षांपूर्वी उत्तरेकडच्या कुठल्याशा मठात एका लेखनिकानं नकलून काढलेल्या प्रवचनांच्या जाडजूड पोथीतलं ते पहिलंच वाक्य. अर्थात 'प्रवचन' हा शब्द त्या इमारतीत कोणी तोंडातून काढत नसे, कारण देव नसल्याचं सरकारनं जाहीर करून आता पासष्ट वर्षं होत आली होती. कागदोपत्री त्या पोथीला 'भाषिक स्मारक क्रमांक ४१७' म्हणत. तिच्यात संत आला तर 'व्यक्तिवाचक नाम', नरक आला तर 'स्थळदर्शक शब्द', आणि सैतान आला तर, त्याची शेपटी न धरता, 'पुल्लिंगी, एकवचनी'.

वाक्याची एकंदर प्रकृती अशी होती. पानं अकरा. शब्द एक हजार एकशे चौदा. त्यावर काम करणारी माणसं तेवीस (प्रसूतीच्या रजेवरच्या दोघी धरून). कामाला लागलेली वर्षं सत्तावीस. तयार झालेली कार्डं एकसष्ट हजार चारशे. सापडलेली मुख्य क्रियापदं एक, तेही वादग्रस्त. टिंबं बरीच होती, पण तो लेखनिक दम लागला की टिंब द्यायचा, त्यामुळे टिंबांकडे कोणी लक्ष देत नसे.

कामाची पद्धत मात्र कोणीही हेवा करावा अशी होती. छप्पन्न साली एका फोटोग्राफरनं पोथीचे फोटो काढले. फोटोंवरून एकेक शब्द एकेका कार्डावर उतरला. मग नामं गेली नामांच्या खोलीत, विशेषणं विशेषणांच्या खोलीत, धातुसाधितं जिन्याखाली (तिथे ओल होती, पण धातुसाधितांना पर्याय नव्हता). कोणीही अख्खं वाक्य वाचत नसे. तसा लेखी नियमच होता. अख्खं वाचलं की अर्थ लागण्याचा धोका असतो, आणि प्रवचनाचा अर्थ लागलेला माणूस उद्या मेणबत्ती लावायला कमी करणार नाही. म्हणून सलग चारापेक्षा जास्त शब्द वाचणाऱ्याला समज दिली जाई. एकसष्ट साली विशेषणांच्या एका बाईंनी सलग नऊ शब्द वाचले. त्यांची बदली गणिताच्या संस्थेत झाली, आणि तिथे त्या म्हणे हसत असायच्या.

या साऱ्याचे जनक म्हणजे विभागप्रमुख वेनेदिक्त लुकिच शुमिलोव. वय सहासष्ट, भुवया भरघोस, आवाज तळघरातून यावा तसा. त्यांनीच 'राखून ठेवलेल्या क्रियापदाचा सिद्धांत' मांडला. पहिल्या पानावर कर्ता येतो, 'खादाड मनुष्य', आणि अकराव्या पानाच्या शेवटच्या ओळीत क्रियापद येतं, 'उठला'. मध्ये दहा पानं क्रियापद दडवून का ठेवलं? वेनेदिक्त लुकिच सांगत की जमीनदारांनी नाडलेल्या कष्टकरी जनतेचा तो मूक निषेध होता. तिच्या हातात दुसरं काही नव्हतं, म्हणून तिनं क्रियापद अडवून धरलं. या सिद्धांतावर त्यांना पदक मिळालं. उरलकडच्या विद्यापीठातल्या एरास्त गोर्देयेविच यांचं मत नेमकं उलट होतं. त्यांच्या मते 'उठला' हे मुळी मुख्य क्रियापदच नाही. वाक्यात क्रियापदाचा संपूर्ण, शंभर टक्के संप आहे. त्यांनाही पदक मिळालं. दोघे एकमेकांशी बोलत नसत, पण एकमेकांच्या विद्यार्थ्यांचे परीक्षक म्हणून न चुकता जात.

आता ग्लाफिरा सवेल्येव्ना कोक्शारोवा. तिच्याकडे 'आणि' होता.

म्हणजे अख्खं उभयान्वयी अव्ययांचं खातं नव्हे. 'परंतु' आणि 'किंवा' दुसऱ्यांकडे होते. ग्लाफिराकडे फक्त 'आणि'. एकोणीस वर्षं ती त्या एका शब्दाची कार्डं लावत होती आणि, खोटं कशाला सांगा, तिचा त्या शब्दावर जीव होता. बाकीचे शब्द काहीतरी मागतात, पण 'आणि' नुसता हात पुढे करतो, असं ती म्हणायची. (हे वाक्य तिनं प्रबंधात घातलं होतं. ते काढायला लावलं.) एकोणीस वर्षांत ती कनिष्ठ संशोधकच राहिली, आणि त्या वर्षी वरून आदेश आला: ज्या कनिष्ठांनी वर्षाअखेर प्रबंध देऊन पदवी घेतली नाही, त्यांना संस्थेच्या तळघरात नागरी संरक्षणाच्या कोठीवर पाठवावं. तिथे आठशे गॅस-मुखवटे होते. ते दर महिन्याला पुसायचे, आणि ते सगळे आपल्याकडे बघत असतात.

ग्लाफिराच्या प्रबंधाचं नाव होतं 'स्मारक क्र. ४१७ मधील एका वाक्यातील आणि-ची कार्ये'. तोंडी परीक्षा चौदा ऑक्टोबरला, गुरुवारी. सगळी कागदपत्रं जमली होती. राहिला होता फक्त 'डोळ्यांनी पाहिल्याचा दाखला', म्हणजे संशोधकानं मूळ पोथी प्रत्यक्ष पाहिली आहे असं प्रमाणपत्र. आता, हा दाखला मिळवायला पोथी पाहावी लागत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. पोथ्यांच्या कोठीवाल्या बाईंना चॉकलेटचा डबा द्यायचा, त्या शिक्का मारतात, विषय संपला. पण सप्टेंबर लागला होता आणि दर सप्टेंबरात सगळी संस्था बटाटे काढायला सामुदायिक शेतावर जाते. रजेवरच्या दोघी सोडून सगळे विश्लेषक, प्रमुख, कोठीवाल्या बाई, त्यांचा शिक्का, सगळे चिखलात होते. ग्लाफिराचा पाय मुरगळला होता, म्हणून ती एकटी इमारतीत. कोठीवाल्या बाई जाता जाता किल्ली तिच्या हातात देऊन म्हणाल्या, "शिक्का माझ्या कोटात राहिलाय गं, आणि कोट सामानाबरोबर पुढे गेलाय. तू असं कर, खरोखरच बघून ये. काय होतंय एवढ्यानं!"

एवढ्यानं काय होतं ते आता सांगतो.

कोठी गारठलेली होती. ग्लाफिरानं पोथी टेबलावर ठेवली, चहाचा ग्लास आणला आणि नियम क्रमांक चौदा मोडून ('हस्तलिखितांजवळ पेयं नेऊ नयेत') तो पितळी कडीसकट ठेवला, तोही थेट उघड्या पोथीवर, अकराव्या पानाच्या कोपऱ्यावर. वाईट हेतूनं नव्हे. एकोणीस वर्षं ती कार्डांवर ग्लास ठेवत आली होती आणि हात सवयीनं चालला. मग तिचं लक्ष गेलं, ती किंचाळली, ग्लास उचलला. पाहते तर त्या कोपऱ्यातला पिवळा मेणाचा थेंब ऊब लागून मऊ झाला होता, आणि अकरावं पान बाराव्यापासून अलगद सुटलं होतं. तीनशे वर्षांपूर्वी कोणाची तरी मेणबत्ती तिरकी झाली होती. फोटोग्राफरनं दोन पानं एकच समजून फोटो काढला होता. नियम चौदाचा हा भंग म्हणजे विभागाच्या सत्तावीस वर्षांतला एकमेव शोध, पण अहवालात तो 'गैरवर्तन' या सदरात आहे.

अकराव्या पानाच्या पाठीवर त्याच लेखनिकाच्या हातची चिठ्ठी होती. ग्लाफिरानं ती वाचली. सलग. चार शब्दांच्या पुढे गेली, नऊच्या पुढे गेली, शेवटपर्यंत गेली. मग तिनं पोथी पहिल्या पानापासून घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा ते अकरा पानी वाक्य अख्खं वाचलं. मग ती जमिनीवर बसली आणि हसू लागली, आणि हसता हसता तिला रडू आलं, कारण गुरुवार जेमतेम तीन आठवड्यांवर होता.

चिठ्ठीचा मथितार्थ एवढाच होता की हे वाक्य नाहीच. सुट्या पानांवर वारा सुटला होता, आणि ती पानं जशी सापडली तशी नकलली गेली होती.

बटाट्यांहून मंडळी परतली तेव्हा तिनं आधी नामांच्या निनेल पेत्रोव्नाला गाठलं. निनेलच्या नखांत अजून माती होती.

"अगं ग्लाशा, तोंड का असं पडलंय? पाय सुजला का?"

"निनेल, मी वाचलं."

"काय वाचलंस?"

"वाक्य. अख्खं."

निनेलनं उठून दार लावलं. "कुणी बघितलं?"

"कुणी नाही. निनेल, तुझी ती धिरडी आहेत ना, पानं दोन ते चार?"

"आहेत की! धिरडी, नौका, गाढवीण, घंटा, दोरखंड, मीठ. माझा लेखच आहे त्यावर, उत्तरेकडचा धिरड्यांचा जलमार्ग व्यापार."

"तो व्यापार नाही गं. धिरडी एका प्रवचनातली, नौका दुसऱ्यातली आणि घंटा तिसऱ्यातली. वाऱ्यानं पानं मिसळली. लेखनिकानं स्वतः लिहून ठेवलंय."

निनेलनं नखातली माती कोरली. मग म्हणाली, "आणि गाढवीण?"

"गाढवीण नौकेतली."

"बघ! मी म्हणतच होते, गाढवीण धिरड्यांत बसत नाही." तिला क्षणभर खरंच आनंद झाला. मग चेहरा पडला. "ग्लाशा, कोणाला सांगू नकोस. मुखवट्यांची आठवण ठेव. आठशे आहेत. त्यांच्या काचा मी एकदा पाहिल्यात, बाई, झोप उडते."

पण ग्लाफिरा वेनेदिक्त लुकिचांकडे गेलीच. गप्प बसली असती तर पदवी सुखरूप होती हे तिला ठाऊक होतं, पण चिठ्ठीत शेवटी एक मागणं होतं आणि ते तिला गप्प बसू देत नव्हतं. वेनेदिक्त लुकिचांनी सगळं ऐकून घेतलं. भुवया एकदा वर गेल्या आणि तिथेच थांबल्या.

"ग्लाफिरा सवेल्येव्ना, तुम्ही वाचलंत?"

"हो."

"पूर्ण?"

"हो."

"अर्थासकट?"

तिनं मान खाली घातली.

"हे बघा," ते म्हणाले, आणि आवाज एकदम मऊ झाला, "छप्पन्न साली पहिली दोनशे कार्डं माझ्या हातून गेली. मलाही तेव्हा वाटलं होतं, खादाड माणूस नौकेत काय करतोय? पण मी विचारलं नाही. विचारलं असतं तर आज तुम्ही तेवीस जण कुठे असता?"

"पण लेखनिकानं स्पष्ट लिहिलंय हो! म्हणतो, हे वाचू नका."

"मग? आम्ही कुठे वाचलं? सत्तावीस वर्षांत या विभागात एकानंही वाचलेलं नाही. त्या माणसाची इच्छा आम्ही तंतोतंत पाळली. मोडली असेल तर तुम्ही मोडली."

यावर ग्लाफिराला काही सुचलं नाही. मला विचाराल तर मलाही सुचत नाही.

दुसऱ्या दिवशी विभागाची बैठक झाली. इतिवृत्त उपलब्ध आहे आणि ते वाचून मन भरून येतं. 'ऐकले' या सदरात ग्लाफिराचं निवेदन दीड ओळीत आटोपलं आहे. 'ठरवले' हे सदर चार पानं आहे. त्यात म्हटलं आहे की सदर लेखनिक हा सदर वाक्याचा तज्ज्ञ नव्हे; त्याच्यापाशी पदवी नाही, शिफारसपत्र नाही, आणि वाक्याशी त्याचा संबंध उण्यापुऱ्या एका दिवसाचा आहे, विभागाचा सत्तावीस वर्षांचा. सदर चिठ्ठीतील वाक्ये आखूड असून क्रियापदे जागच्या जागी आढळतात, सबब शास्त्रीय मूल्य नाही. चिठ्ठीस अर्थ असल्याचे दिसून येते, सबब ती विभागाच्या कक्षेबाहेर आहे. वारा ही निसर्गाची शक्ती असल्यामुळे तिच्या स्वरूपाबद्दल विभागास तत्त्वतः आक्षेप नाही. तथापि तीनशे वर्षांपूर्वीच्या वाऱ्याबाबत हवामान खात्याकडून लेखी खुलासा मागवावा. (मागवला. उत्तर आलं: 'त्या दिवशीची नोंद नाही.' सबब वारा नव्हता.) आणि शेवटी: पान होते तसे चिकटवावे. जबाबदार: कोक्शारोवा. मुदत: शुक्रवार.

आता मेण कुठून आणायचं? मेणबत्त्या चर्चमध्ये मिळतात, पण शास्त्रीय संस्थेचा माणूस चर्चमध्ये मेणबत्ती विकत घेताना दिसला तर त्याचं काय होतं हे सांगायला नको. औषधाच्या दुकानात मेणाचा मलम मिळाला, तो निलगिरीचा निघाला. मधमाशीपालकांच्या संघानं अर्ज पुढच्या वसंतात करा म्हणून सांगितलं. शेवटी निनेलनं स्वतःच्या स्कींना चोळायचं मेण आणून दिलं. वेष्टनावर लिहिलं होतं, 'उणे पाच ते उणे दहा अंश, कोरड्या बर्फासाठी'. तर अशा रीतीनं, सतराव्या शतकातल्या पोथीचं अकरावं पान ग्लाफिरानं स्वतःच्या हातानं पुन्हा बंद केलं. त्याआधी चिठ्ठी उतरवून घेतली, एका कार्डावर, 'आणि'च्या खोक्यातल्या.

त्यानंतर तिचं कामातून लक्ष उडालं. 'आणि'ची कार्डं लावायला घेतली की तिच्या मनात कुठेतरी दार आपटायचं आणि पानं खोलीभर व्हायची. ती एकटी असताना चिठ्ठीतलं मागणं तिनं पुरं केलं होतं. स्वयंपाकघरात, कोबी चिरता चिरता. पण तीनशे वर्षं थांबलेल्या माणसाला कोबीपुढे उरकणं तिला बरं वाटेना. त्याला एक सभागृह तरी मिळायला हवं, असं तिच्या मनानं घेतलं. आणि सभागृह तर तिच्यासाठी चौदा तारखेला राखून ठेवलेलं होतंच.

तोंडी परीक्षेची आमच्याकडची रीत अशी. परिषदेचे सभासद सतरा. निकाल आदल्या आठवड्यात ठरतो, म्हणजे परीक्षेच्या दिवशी उगाच कोणाला ताण नको. परीक्षकांचे अभिप्राय उमेदवारानंच लिहून द्यायचे असतात. परीक्षक थोर माणसं, त्यांना वेळ नसतो. अभिप्रायात स्तुती असावी, आणि तीन किरकोळ त्रुटी असाव्यात, ज्यांनी 'प्रबंधाच्या उच्च मूल्यास बाध येत नाही'. ग्लाफिरानं एरास्त गोर्देयेविचांचा अभिप्राय ऑगस्टातच लिहून ठेवला होता. त्यात 'वाक्य एकसंध असल्याचं निर्विवाद सिद्ध झालं आहे' असं तिनं स्वतःबद्दल लिहिलं होतं. तिसरी त्रुटी शोधताना तिची दोन दिवस झोप उडाली होती. शेवटी तिनं लिहिलं, 'लेखिकेचं आपल्या शब्दावर प्रमाणाबाहेर प्रेम आहे.'

गुरुवार उजाडला. सभागृहात एकतीस माणसं. शेजारच्या खोलीतून कोबीचं सारण भरून भाजलेल्या पिरोगांचा वास येत होता. परीक्षेनंतर मेजवानी द्यायला वरून बंदी होती, म्हणून तिथे अधिकृतपणे निनेल पेत्रोव्नाचा वाढदिवस होता. (निनेल फेब्रुवारीतली. वर्षाला तिचे नऊ वाढदिवस होत.) पहिल्या रांगेतले दोन सभासद खिशातल्या बुद्धिबळावर खेळत होते, तिसरे झोपले होते, चौथे झोपलेल्याकडे असूयेनं बघत होते. वेनेदिक्त लुकिच भुवया खाली ओढून बसले होते.

ग्लाफिरा उभी राहिली. वीस मिनिटांचं भाषण हातात होतं. ते तिनं पालथं ठेवलं आणि कार्ड काढलं. मुरगळलेला पाय उचलून तिनं भार दुसऱ्यावर टाकला. तिनं वाचायला सुरुवात केली:

"वाचणाऱ्या बाबांनो, दोन शब्द ऐका. मी लिहायला बसलो, दार उघडं राहिलं, वारा आला आणि तिन्ही प्रवचनांची सुटी पानं खोलीभर झाली. हाताला लागली तशी मी उचलली आणि तशीच नकलून काढली, कारण मठाधिपती बघायला यायचे होते आणि मला भूक लागली होती. आता वाचून बघतो तर खादाड माणूस नौकेत बसलाय आणि नौका घंटेला बांधलीय. सुरुवातीपासून इथपर्यंत काही वाचू नका, त्यात अर्थ नाही. पुढच्या पानापासून नीट लिहिलंय. माझं चुकलं ते सुधारून घ्या, शिव्या देऊ नका. मी पापी सोफोन्का, याकोवचा मुलगा, थंडीनं माझी बोटं वाकडी झालीत. मला दुसरं काही नको. जो हे वाचेल त्यानं माझं नाव एकदा मोठ्यानं घ्यावं, म्हणजे मी होतो हे देवाला आठवेल."

तिनं कार्ड खाली ठेवलं. "म्हणून माझा निष्कर्ष असा," ती म्हणाली, "की हे वाक्य नाही. हा वारा आहे."

आणि ती छत कोसळायची वाट पाहत उभी राहिली. तिला तळघर दिसत होतं, आठशे जोड काचा दिसत होत्या, आणि तरी छातीत असं काही हलकं वाटत होतं की तिला उडी मारावीशी वाटली.

अध्यक्ष दचकून जागे झाले. "आभारी आहोत," ते म्हणाले. "दिलेल्या वेळेच्या आत संपवलंत, हे विशेष नमूद करावंसं वाटतं. कोणाचे प्रश्न?"

बुद्धिबळातला एक घोडा मेला. दुसऱ्या रांगेतून एक सभासद उठले. ते गेली अकरा वर्षं प्रत्येक परीक्षेत एकच प्रश्न विचारत. "आपल्या संशोधनाचा राष्ट्राच्या अर्थव्यवस्थेला काय उपयोग?"

"काही नाही," ग्लाफिरा म्हणाली.

"उत्तरानं समाधान झालं," म्हणून ते बसले.

मग एरास्त गोर्देयेविच आपला अभिप्राय वाचायला उभे राहिले. ग्लाफिराच्याच अक्षरात. वाक्य एकसंध असल्याचं निर्विवाद सिद्ध झालं आहे, असं त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं. प्रमाणाबाहेर प्रेमापाशी जरा अडखळले, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मतदान गुप्त झालं. बाजूनं सतरा, विरुद्ध शून्य. टंकलेखिका बाईंनी भाषण लिहून घेतलं नव्हतं, कारण त्यांच्याकडे छापील प्रत आधीपासून होती. दप्तरात तीच आहे. वेनेदिक्त लुकिच जवळ आले, ग्लाफिराचा हात बराच वेळ हातात धरून म्हणाले, "चांगलं वाचलंत." ते नेमकं कशाबद्दल म्हणाले हे तिनं विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही. आजही अकरावं पान बाराव्याला स्कीच्या मेणानं चिकटलेलं आहे, आणि नव्या पंचवार्षिक योजनेत वाक्याला आणखी सहा जागा मंजूर झाल्या आहेत.

निनेलचा वाढदिवस रंगला. पिरोग, खारवलेले मशरूम, माशाचं सॅलड, आणि लिंबूपाण्याच्या बाटल्यांत लिंबूपाणी नसलेलं काहीतरी. आमच्याकडे ग्लास उचलताना माणसाचं नाव वडिलांच्या नावासकट घ्यायची रीत आहे. वेनेदिक्त लुकिचांच्या नावानं प्याले, एरास्त गोर्देयेविचांच्या नावानं प्याले, दोघांनी एकमेकांच्या नावानं प्यायचं टाळलं. मग ग्लाफिरा उठली. गेलेल्या माणसासाठी ग्लासाला ग्लास भिडवत नाहीत, म्हणून तिनं आपला ग्लास छातीशी धरला आणि लेखनिकाचं नाव घेतलं, बापाच्या नावासकट, मोठ्यानं.

"कोण हे?" कोणीतरी निनेलला विचारलं.

"असतील मंत्रालयातले," निनेल म्हणाली. मग तिला आठवलं आणि तिनं ओठ चावला, पण तोवर सगळ्यांनी आनंदानं ग्लास भिडवले होते. "चिरायू होवोत!" असा एकच गजर झाला. नाव मात्र दुसऱ्या कोणीच घेतलं नाही.

तेव्हा हिशेब सरळ आहे. चिठ्ठी ऐकली एकतीस जणांनी, नाव घेतलं एकीनं. तुम्हांला हसू येत असेल, ते रास्तच आहे. ही विद्वान मंडळी वाचतात कसली! तुमचं तसं नाही. तुम्हांला कोणी समज देत नाही, तुम्हांला कार्डं लावायची नाहीत, तुम्ही सलग वाचता, शेवटपर्यंत वाचता, आणि अर्थासकट वाचता. ती चिठ्ठी तुम्हीही आत्ताच वाचलीत, अख्खी. त्या माणसानं वाचणाऱ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, आणि ती तुम्हांला कळलीही. मग घ्या बरं त्याचं नाव.

(वर पाहायचं नाही.)